हंगामाचे पाणी आणि कोको

कोको हे मुळात फळ आहे, आणि चॉकलेटबरोबर फळे-भाज्या शिजवणाऱ्याने सुरुवात या गोष्टीपासून करावी. कोकोची फळे झाडाच्या बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर थेट खोडाला धरतात, फणस धरतो तशी. फळ फोडले की आत तीस-चाळीस बिया निघतात. प्रत्येकीभोवती पांढरा, बुळबुळीत, आंबटगोड गर असतो. भेंडी, अंबाडी, कापूस आणि जास्वंद ज्या कुळातली, त्याच कुळातला कोको. बाजारातली वडी किंवा पावडर हातात घेतली की हे नाते दिसत नाही, कारण मधल्या वाटेवर त्या फळातले पाणी जवळजवळ सगळे काढून टाकलेले असते.

ते पाणी टप्प्याटप्प्याने निघते. गरासकट बिया लाकडी पेट्यांत भरून पाच-सहा दिवस आंबवतात. आधी गरातल्या साखरेवर यीस्ट वाढते, मग लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल तयार करणारे जीवाणू कामाला लागतात. ढिगाचे तापमान ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत चढते, गर पातळ होऊन गळून जातो, बीचा अंकुर मरतो आणि पुढे भाजल्यावर जी चव लागणार तिचा पाया बीच्या आत घातला जातो. नंतर बिया उन्हात वाळवून त्यांच्यातला ओलावा सुमारे ७ टक्क्यांवर आणतात. भाजणे, टरफल काढणे आणि तासन्‌तास दळणे झाल्यावर जे चॉकलेट तयार होते त्यात पाणी जेमतेम १ टक्का उरते. उलट स्ट्रॉबेरीत, तांबड्या भोपळ्यात आणि वांग्यात ते ९० टक्क्यांच्या पुढे असते, पिकलेल्या आंब्यात ८० टक्क्यांच्या वर, चिकूतही पाऊण भागाहून जास्त. हंगामी फळाची गोडी म्हणजे बहुतांशी हे भरलेले पाणी, आणि चॉकलेट टिकते ते त्याच्या अभावावर. दोघांना एका ताटात आणताना सगळे कसब त्या पाण्याचा हिशेब ठेवण्यात खर्च होते. चवीचा विचार त्यानंतर येतो. हिशेब चुकला तर चवीपर्यंत पोचताच येत नाही.

भारतातला कोको दक्षिणेतला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात १७९८ मध्ये कुट्रालम येथे तो प्रथम लावला गेला, पण शेतीचे पीक म्हणून त्याने मूळ धरले ते १९६५ नंतर, कॅडबरीने वायनाडमध्ये प्रात्यक्षिक शेती सुरू केल्यावर. नारळ-सुपारीच्या बागेतल्या सावलीत आंतरपीक म्हणून तो केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशात पसरला. सुपारी आणि कोको उत्पादकांची कॅम्पको ही सहकारी संस्था १९७३ ची, आणि पुत्तूर येथील तिचा चॉकलेटचा कारखाना १९८६ चा. गेल्या दहा-बारा वर्षांत कोची, म्हैसूर, पोल्लाची, ऑरोव्हिल अशा ठिकाणी बी विकत घेऊन तिथपासून वडीपर्यंत सगळे काम स्वतः करणारे छोटे कारागीर उभे राहिले. त्यांच्यामुळे महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरात हव्या त्या टक्क्यांचे चॉकलेट आणि भाजलेल्या बीचे तुकडे, ज्यांना निब्ज म्हणतात, सहज येऊ लागले. फळ इथले आणि कोको शेजारच्या राज्यातला, ही जुळणी अलीकडची असली तरी खरीखुरी आहे.

चॉकलेटमध्ये पाणी गेले की काय होते हे पाहण्यासाठी मुद्दाम प्रयोग करावा लागत नाही. वाफेवर ठेवलेल्या भांड्यात चॉकलेट वितळत असते, ओला चमचा त्यात जातो किंवा झाकणाला धरलेला थेंब पडतो, आणि आतापर्यंत तुपासारखी वाहणारी चकचकीत धार एकाएकी जड, रवाळ गोळा होऊन बसते. कोकोचे आणि साखरेचे बारीक कण लोण्यात तरंगत असतात. पाण्याचा थेंब साखरेला ओली करतो, ओले कण एकमेकांना चिकटतात आणि लोणी बाजूला पडते. म्हणून थोडे पाणी सर्वांत वाईट. पाणी पुरेसे असेल तर कण पुन्हा सुटे होतात आणि एक वेगळा, नरम पदार्थ तयार होतो. दर १०० ग्रॅम कडू चॉकलेटला किमान २५ ते ३० मिलिलिटर द्रव, हे कामापुरते प्रमाण; कोकोचे टक्के जास्त असतील तर त्याहून थोडे अधिक. एक तर अजिबात पाणी नको, नाहीतर भरपूर हवे. फळांच्या आणि भाज्यांच्या जवळपास सगळ्या पाककृती यांपैकी एका बाजूच्या असतात, आणि कोणती बाजू घ्यायची हे चॉकलेटला हात लावण्याआधी ठरवावे लागते.

दुसऱ्या बाजूचे टोक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एर्वे तीस यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले. चॉकलेट नुसत्या पाण्यात वितळवायचे, भांडे बर्फावर ठेवायचे आणि घोटत राहायचे. कोकोचे लोणी थंड होताना हवेचे बुडबुडे धरून ठेवते आणि साय किंवा अंडे न घालता फेटलेल्या क्रीमसारखा हलका फेस उभा राहतो. त्यासाठी मिश्रणातली स्निग्धता साधारण क्रीमइतकी, म्हणजे ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास यावी लागते. पाण्याऐवजी संत्र्याचा गाळलेला रस चालतो. कोकमाचा बिनमिठाचा रस तर फारच चांगला लागतो. घोटणे वेळेवर थांबवावे लागते, नाहीतर फेस फुटून कण दिसू लागतात. फुटला तरी काही वाया जात नाही, मंद वाफेवर पुन्हा वितळवून पुन्हा घोटता येतो. शिकणाऱ्याला या कामातले पाणी आणि स्निग्धता यांचे नाते समजावण्यासाठी याहून चांगला धडा नाही.

कोको पदार्थाला काय देतो, तेही नीट ओळखावे लागते. गोडवा तो देत नाही. तो साखरेचा असतो. कोकोच्या बीत निम्म्याहून अधिक वजन लोण्याचे असते, जे ३२ ते ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळते. बाकी कडवटपणा, तुरटपणा, आम्ल आणि भाजल्याचा वास. साध्या कोको पावडरचा सामू ५.३ ते ५.८ च्या दरम्यान असतो. नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांच्या कारखान्यापासून रूढ झालेल्या पद्धतीने क्षार लावून सौम्य केलेली पावडर ७ किंवा त्याच्या वर जाते. तिचा रंग गडद होतो, आंबटपणा जातो आणि फळांच्या जवळचा वासही बराचसा जातो. आंबट फळाबरोबर साधी पावडर घ्यावी. क्षार लावलेली पावडर जांभूळ किंवा कोकमासारख्या फळात घातली तर त्यांचा जांभळा-लाल रंग मळकट निळसर होतो, कारण ती रंगद्रव्ये आम्लातच लाल राहतात. सोडा घालून केक फुगवायचा असेल तर त्यालाही साधी पावडरच लागते, कारण सोड्याला आम्ल हवे. दुकानात दोन्ही डबे शेजारी असतात आणि वेष्टनावर हा फरक बारीक अक्षरांत असतो. तो वाचण्याची सवय लावून घ्यावी.

भाज्यांमध्ये कोको घालण्याची परंपरा ही हौशी आचाऱ्यांची नवलाई नाही. ती मेक्सिकोत फार जुनी आणि अतिशय विचारपूर्वक घडवलेली आहे. पुएब्लाच्या मोले या प्रसिद्ध रश्श्यात आंचो, मुलातो, पासिया अशा वाळलेल्या मिरच्या, तीळ, बदाम, शेंगदाणे, बेदाणे, टोमॅटो, राजेळी केळ्यांच्या जातीचे केळे, भाजलेली पोळी, दालचिनी, लवंग हे सगळे वेगवेगळे तळून-भाजून वाटतात आणि शेवटी थोडे चॉकलेट घालतात. खाणाऱ्याला चॉकलेट ओळखू येऊ नये, फक्त मिरच्यांचा भाजका कडवटपणा आणि बेदाण्यांची गोडी एकमेकांना धरून बसावी, एवढेच त्याचे काम. ओआहाका भागात मक्याचे पीठ, कोको, मामेय फळाच्या बिया आणि एका झाडाची सुगंधी फुले वाटून तेहाते नावाचे थंड पेय करतात. त्यात साखर असली तर ऐनवेळी घालतात. कोको मुळात धान्याच्या, मिरचीच्या आणि फळांच्या संगतीने वाढलेला आहे. दूध आणि भरपूर साखर ही त्याची युरोपातली संगत.

युरोपातही दक्षिण इटलीने ती जुनी समज जपली. सिसिली दीर्घकाळ स्पेनच्या अमलाखाली होती आणि तिथल्या मोदिका गावात आजही चॉकलेट इतक्या कमी तापमानाला घोटतात की साखर विरघळत नाही, वडी दाताखाली रवाळ लागते. या चॉकलेटला २०१८ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले. सिसिलीतच कापोनाता नावाची वांग्याची आंबटगोड भाजी होते. सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, केपर, व्हिनेगर आणि साखर घालून शिजवलेली. तिच्या काही जुन्या रूपांत वरून चॉकलेट किसतात. अमाल्फीच्या किनाऱ्यावर, मायोरी आणि आसपासच्या गावांत, १५ ऑगस्टच्या सणाला वांग्याचे काप तळून, पीठ-अंड्यात बुडवून पुन्हा तळून, चॉकलेटच्या रसात थरांवर थर लावतात. मध्ये बदाम, चिलगोजे, साखरेत मुरवलेली लिंबाची साल आणि दालचिनी. तो थंड करून गोड पदार्थ म्हणून खातात. मराठी जिभेला हे ऐकताना विचित्र वाटते, पण वांग्याचा स्वभाव पाहिला तर त्यात नवल नाही. वांग्याला स्वतःची चव थोडी, कडवटपणा हलका, आणि स्निग्ध पदार्थ शोषण्याची ताकद मोठी. तळताना त्यातले पाणी वाफ होऊन गेले की रिकाम्या झालेल्या गरात कोकोचे लोणी शिरते.

महाराष्ट्रातल्या भरल्या वांग्याची आणि मोलेची घडण थक्क करण्याइतकी जवळची आहे. सुके खोबरे, तीळ, शेंगदाणे, सुक्या मिरच्या, दालचिनी, लवंग हे वेगवेगळे भाजून वाटायचे, त्याला चिंचेचा आंबटपणा आणि गुळाची गोडी द्यायची, आणि रस्सा तेल सुटेपर्यंत शिजवायचा. काळ्या मसाल्यात खोबरे आणि मिरच्या ज्या गडद रंगापर्यंत भाजतात, तो कडवटपणाच्या उंबरठ्यावरचा वास कोकोच्या फार जवळ येतो. म्हणून इथे कोको परका वाटत नाही, मात्र प्रमाण कडक पाळावे लागते. अर्धा किलो वांग्यांच्या रश्श्याला ७० टक्क्यांहून जास्त कोको असलेले ८ ते १० ग्रॅम चॉकलेट पुरते, गूळ त्या मानाने कमी करावा, आणि चॉकलेट गॅस बंद केल्यावर घालून ढवळावे. उकळत्या रश्श्यात घातले तर कोकोचे कण तळाशी बसून करपतात आणि तो करपट वास मग कशानेही निघत नाही. मीठ थोडे वाढवले की कोकोचा कडवटपणा मागे सरतो. साखर वाढवून तो झाकण्यापेक्षा हा उपाय बरा.

तांबड्या भोपळ्याला वेगळी वागणूक लागते. उकडलेल्या भोपळ्यात पाणी इतके राहते की त्यात मिसळलेले चॉकलेट पातळ आणि फिके होते. तोच भोपळा फोडी करून तव्यावर किंवा भट्टीत कडा तपकिरी होईपर्यंत भाजला तर पाणी आटते, गोडी घट्ट होते आणि वरून भुरभुरलेले निब्ज, मिरची आणि जाड मीठ एवढ्यावर ती भाजी उभी राहते. रताळ्याचे उलट आहे. त्यातला स्टार्च पाणी धरून ठेवतो, म्हणून वाफवून गाळणीतून घोटलेल्या दोन भाग रताळ्यात एक भाग वितळवलेले कडू चॉकलेट मिसळले की क्रीमशिवायही दाट, सुरीने कापता येईल असा लगदा जमतो. बिटाला जो मातीचा वास असतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसाच्या वासातही तेच असते. भाजलेल्या कोकोशी त्याचे जमते, लिंबाचा रस घातला की तो सौम्य होतो. बिटाचा केक मात्र लाल राहील ही अपेक्षा धरू नये. बिटाचा रंग उष्णतेने मोडतो, आणि कोकोच्या गडद रंगात उरलेलाही बुडतो. बीट त्या केकला ओलावा देते, तेवढ्यासाठीच ते घालायचे.

फळांकडे वळले की हिशेब अधिक नाजूक होतो, कारण फळ बहुधा कच्चेच वापरायचे असते. थंडीत महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी येते. २०१० मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. स्ट्रॉबेरी चॉकलेटमध्ये बुडवणे हा सर्वांत सोपा दिसणारा आणि सर्वांत जास्त बिघडणारा प्रकार. फळ धुऊन पूर्ण कोरडे करावे, देठ ठेवावा म्हणजे कापलेल्या भागातून रस येत नाही, आणि फळ फ्रिजमधून थेट काढून बुडवू नये. थंड फळावर हवेतला दमटपणा बसतो आणि चॉकलेटचे कवच आतून सुटते. कडू चॉकलेट आधी ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत उतरवून पुन्हा ३१-३२ वर आणावे, म्हणजे लोण्याचे स्फटिक योग्य जातीचे बनतात आणि कवच कडकन मोडते. इतके सगळे केले तरी ते फळ त्याच दिवशी खायचे. दुसऱ्या दिवशी तळाशी रसाचे थारोळे दिसते. फळांचे चॉकलेट विकणाऱ्याने हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे. रंगीत खोक्यात आठवडाभर ठेवलेल्या ओल्या स्ट्रॉबेरीत कोणाचेही भले नाही. याउलट डाळिंबाचा प्रत्येक दाणा स्वतःच्या पातळ पापुद्र्यात बंद असतो. दाणे टिपून कोरडे केले तर चॉकलेटमध्ये घोळवलेले त्यांचे घोस दिवसभर खणखणीत राहतात.

नागपूरच्या संत्र्याने पाण्याची अडचण स्वतःच सोडवून ठेवलेली आहे. त्याचा खरा सुगंध रसात कमी आणि सालीतल्या तेलात जास्त असतो, आणि ते तेल पाण्यात न विरघळता कोकोच्या लोण्यात विरघळते. आंबिया बहाराचे संत्रे ऑक्टोबरपासून येते, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन्ही वेळा सालीचा वरचा केशरी भाग किसून कोमट चॉकलेटमध्ये किंवा क्रीममध्ये मुरवता येतो. साल साखरेत मुरवून चॉकलेटमध्ये बुडवण्याची युरोपीय पद्धत जाड सालीच्या संत्र्यांसाठी बसवलेली आहे. नागपुरी संत्र्याची सैल, पातळ साल पाकात चामट होते. त्या कामाला महाळुंग सर्वांत योग्य. त्याची साल बोटभर जाड असते, दोन-तीन पाणी बदलून उकळली की कडवटपणा आटोक्यात येतो, आणि पाक रोज थोडा थोडा दाट करत नेला की साल पारदर्शक होते. हे काम घाईने होत नाही. पहिल्याच दिवशी दाट पाकात टाकलेली साल आक्रसून कडक होते, कारण साखर आत शिरण्याआधी पाणी बाहेर ओढले जाते.

उन्हाळ्यात आंबा आला की पहिला मोह हापूस आणि कडू चॉकलेट एकत्र करण्याचा होतो. ही जोडी लावू नये. हापूसचा सुगंध उडून जाणारा आणि नाजूक असतो. ७० टक्क्यांच्या चॉकलेटखाली तो दबतो आणि उरतो तो फक्त गोड पिवळा गर, जो कोणत्याही आंब्याचा असू शकला असता. हापूसला द्यायचेच असेल तर पांढरे चॉकलेट द्यावे, ज्यात कोकोचे लोणी असते पण कडवटपणा नसतो, आणि तेही थोडे. कडू चॉकलेटच्या समोर टिकते ती आंबापोळी. कोकणात एप्रिल-मेच्या उन्हात आटवल्या जाणाऱ्या या पोळीत आंब्याचे पाणी गेलेले असते, आंबटपणा आणि गोडी दाटलेली असते, आणि वाळताना एक हलकी भाजकी चव आलेली असते. रायवळ आंब्याची, किंचित आंबट पोळी बारीक कापून चॉकलेटच्या वडीत घातली तर ती महिनेच्या महिने टिकते. फणसपोळीचेही तसेच. वाळवणाच्या ज्या पद्धती घराघरांत पावसाळ्याच्या बेगमीसाठी होत्या, त्या चॉकलेटच्या कामासाठी हव्या तशा तयार आहेत. प्रयोगशाळेत गोठवून वाळवलेल्या महागड्या फळपावडरी विकत आणण्याआधी त्यांच्याकडे पाहावे. गोव्यातली पेराद, म्हणजे पेरूचा गर साखरेत तासभर ढवळून थापलेली वडी, याच जातीची. तिचे चौकोनी तुकडे चॉकलेटमध्ये बुडवले की आत बिलबिलीत, बाहेर कडक असा पदार्थ होतो आणि त्यात ओले फळ नसल्याने तो कवच सोडत नाही.

कोकणातल्या दोन फळांचे कोकोशी नाते आणखी आतले आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशानुसार चॉकलेटमध्ये कोकोच्या लोण्याखेरीज जास्तीत जास्त ५ टक्के इतर वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थ चालतात, आणि त्यासाठी फक्त सहा नावे मान्य आहेत. त्यांत कोकमाच्या बियांचे तेल आहे, आंब्याच्या कोयीतले आहे, आणि साल वृक्षाचेही. कोकणात हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना लावायचे घट्ट, पांढरट मुठेल म्हणजे हेच कोकमाचे तेल. त्याच्या रेणूंची रचना कोकोच्या लोण्याच्या इतकी जवळची आहे की दोन्ही एकत्र नीट गोठतात, पण ते ३८ अंशांच्या पुढे वितळते. त्यामुळे उष्ण प्रदेशातली वडी थोडी अधिक टणक राहते. कोयी टाकून देणाऱ्या आणि कोकमाच्या बिया मातीमोल विकणाऱ्या प्रदेशाने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. घरगुती कामात मात्र मुठेल वापरायचे तर ते खाण्यासाठी शुद्ध केलेलेच असावे.

फणसाची कथा त्याहून वेगळी. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातल्या संशोधकांनी आठळ्या आंबवून, वाळवून, भाजून त्यांचे पीठ केले आणि त्या पिठाला चॉकलेटचा वास येतो असे २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात कॅपुचिनोच्या मिश्रणातली अर्धी ते पाऊण कोको पावडर काढून त्या जागी आठळ्यांचे पीठ घातले तरी वास मान्य होण्याजोगा राहिला. आठळीत कोकोचे लोणी नसते, म्हणून तिची वडी होणार नाही. पण चुलीत भाजलेल्या आठळीचा वास ज्यांनी घेतला आहे त्यांना या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही, आणि भाजक्या आठळ्यांचे पीठ कोकोबरोबर मिसळून केलेले लाडू किंवा केक नुसत्या कोकोच्या पदार्थापेक्षा अधिक भरीव लागतात.

पावसाच्या तोंडावर जांभळे येतात. जांभूळ तुरट, कडू चॉकलेटही तुरट. दोन्ही मिळून जीभ कोरडी पडते. अशा वेळी स्निग्धता वाढवावी, म्हणजे दुधाचे चॉकलेट किंवा भरपूर क्रीम घ्यावे, आणि जांभळाचा गर शिजवून निम्मा आटवावा. अननस आणि कच्ची पपई यांच्यात प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात. कच्चा अननस दुधाच्या मिश्रणात घातला की काही वेळाने ते कडू लागते, जिलेटीन घातले असेल तर बसत नाही. अननस आधी शिजवून घेतला की हा प्रश्न उरत नाही. पाऊस सरता सरता पुरंदरच्या बाजूचे सीताफळ येते आणि त्याला नेमकी उलट वागणूक लागते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो, म्हणून कोमट, जवळजवळ थंड झालेल्या चॉकलेटमध्येच तो हलक्या हाताने मिसळायचा. चिकूला फारसे काही करावे लागत नाही. डहाणू-घोलवडच्या पिकलेल्या चिकूची गुळमट चव आणि दुधाच्या चॉकलेटची चव मुळातच शेजारच्या आहेत. चिमूटभर मीठ आणि काही निब्ज दाताखाली आले की पुरे.

राहता राहिला हवेतला ओलावा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर चॉकलेट उघड्यावर ठेवले तर त्याच्या पृष्ठभागावर पाणी बसते, साखर त्यात विरघळते आणि ते वाळले की खरखरीत पांढरा थर राहतो. उन्हाळ्यात दिसणारा पांढरा थर वेगळा. तो वितळून पुन्हा गोठलेल्या लोण्याचा असतो आणि बोट फिरवले की गुळगुळीत लागतो. दोन्ही खाण्याला अपायकारक नाहीत, पण पहिल्यातली वडी पुन्हा बुडवण्याच्या कामाला येत नाही, दुसऱ्यातली वितळवून नीट गोठवता येते. फळांचे आटवलेले गर घातलेला मऊ चॉकलेटचा लगदा पावसाळ्यात फ्रिजमध्येच ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा, कारण त्यात बुरशीला पुरेल इतके पाणी उरलेले असते. फ्रिजमध्ये वडी ठेवायची तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, कांदा-लसणापासून दूर, कारण लोणी वास धरते. डबा बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण तासभर, उघडू नये. लगेच उघडला तर गार वडीवर दव बसते आणि तोच खरखरीत थर येतो.